मालिका जोखायची तर मंगळवारी: नव्याने बसलेल्या प्रेक्षकांसाठी

मालिकांच्या प्रेक्षकांत दोन जाती असतात: बसलेले आणि उभे. बसलेला सोफ्यावर असतो, रिमोट त्याच्या मांडीपाशी असतो आणि आपण मालिका बघतो हे तो कबूल करतो. उभा सोफ्याच्या मागे असतो. हातात पेपर नाहीतर पाण्याचं भांडं. "काय फालतूपणा चाललाय," म्हणत तो वीस मिनिटं तिथेच थांबतो, जाहिरात लागली की आत जातो आणि जाहिरात संपायच्या बेताला पुन्हा त्याच फरशीवर येऊन उभा राहतो. मी अकरा वर्षं उभा प्रेक्षक होतो. मग आईचं खुब्याचं हाड मोडलं, संध्याकाळी तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं होतं, आणि मी बसलो.

हे लिहितोय ते नुकत्याच बसलेल्यांसाठी. पुण्यात कोथरूड-कर्वेनगरात शिकायला येऊन एखाद्या आजींकडे खोली घेऊन राहणारी मुलं, लग्न होऊन आलेली सून, सासुरवाडीला चार दिवस मुक्काम पडलेला जावई. सगळ्यांची अडचण एकच. रात्री आठला घरात एक मालिका चालू असते, तिच्यावर हिरिरीने बोललं जातं आणि आपल्याला मत नसतं. किंवा त्याहून वाईट, अर्धा भाग बघून मत झालेलं असतं आणि ते आपण बोलूनही टाकतो. मग पुढचे दोन दिवस पोळी जरा गार मिळते.

१. आधी घराची वेळ, मग मालिका

"सध्या चांगली मालिका कोणती?" हा प्रश्न कुणालाही विचारू नका. चांगली मालिका आपण एकटेच बघत असलो तर तिचा काही उपयोग नाही. मालिका ही दुसऱ्याबरोबर बघायची गोष्ट आहे, आणि निम्मी मजा जाहिरातीतल्या बोलण्यात असते. तेव्हा घरात जेवणाच्या आगेमागे जी लागते ती आपली.

वाहिन्या ओळखून ठेवा, म्हणजे रिमोट हातात आल्यावर गडबड होत नाही. झी मराठी ही सगळ्यांत जुनी खासगी वाहिनी. १९९९ साली अल्फा मराठी या नावाने ती सुरू झाली, आणि जुनी माणसं अजूनही चुकून "अल्फा लाव" म्हणतात. कलर्स मराठी म्हणजे आधीची ई टीव्ही मराठी. स्टार प्रवाह २००८ची, सोनी मराठी २०१८ची, सन मराठी २०२१ची. दूरदर्शनची सह्याद्री आहेच. मोबाइलवर बघायचं तर झी५, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह. काही ठिकाणी पैसे भरले की टीव्हीच्या आधीच भाग दिसतो. नवख्याने या मोहात पडू नये. रात्री काय होणार हे दुपारीच माहीत असलेला माणूस सोफ्यावर नको असतो. आमच्या भाच्याने एकदा "आज ती जिन्यावरून पडणार" असं आधीच सांगून टाकलं. आई त्याच्याशी गुरुवारपर्यंत बोलली नाही.

२. पहिल्या भागापासून सुरुवात करू नका

नीटनेटक्या माणसांची ही हमखास चूक. 'ठरलं तर मग' ५ डिसेंबर २०२२ला सुरू झाली. आठवड्याचे सहा भाग धरले तर वर्षाचे तीनशेच्या वर होतात. तीन वर्षांचे नऊशेपेक्षा जास्त. जाहिराती वगळून एक भाग बावीस मिनिटांचा धरा. रोज आठ तास बघितलंत तरी सव्वा महिन्यापेक्षा जास्त लागेल, आणि तोवर पुढचे तीस-पस्तीस भाग साचलेले असतील. 'चार दिवस सासूचे'सारख्या तीन हजारांवर भाग झालेल्या मालिकेचा तर विचारही करू नका.

त्यापेक्षा घरातल्या जाणत्या माणसाला विचारा, "आतापर्यंत काय झालं?" मी बसलो त्या दिवशी 'ठरलं तर मग'बद्दल आईला हेच विचारलं होतं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अनाथाश्रमातली मुलगी, वकिलाशी कराराने लग्न केलंय. आश्रमाच्या मधुभाऊंवर खुनाचा आळ आहे. मुलगी खरी किल्लेदारांची तन्वी, पण तन्वी म्हणून भलतीच जाऊन बसलीय. आपल्याला माहितीय, त्यांना नाही."

चार वाक्यं. काहीशे भागांचा ऐवज, आणि त्यातलं चौथं वाक्य तर कुठल्याही दैनंदिन मालिकेला लागू पडतं. प्रेक्षकाला माहीत असतं, पात्राला नसतं; मालिका चालते ती या फटीवर. फट बुजली की मालिका संपते, नाहीतर दुसरी फट पाडावी लागते. हे एकदा ध्यानात आलं की "त्यांना एवढंसं कसं कळत नाही?" असं ओरडावंसं वाटत नाही. त्यांना कळू नये यासाठीच बरीच माणसं पगार घेत असतात.

३. दोन मंगळवार द्या

मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. मालिका कशी आहे ते प्रोमोवरून ठरवू नका, रविवारच्या महाएपिसोडवरून तर मुळीच नको. ती शोकेसमधली पैठणी. लग्नं, थोबाडीत मारणं, सत्य उघड होणं, खलनायिकेला घराबाहेर काढणं, हे सगळं तिथे राखून ठेवलेलं असतं. सोमवारी शनिवारचा धागा सोडवायचा असतो. शुक्रवार-शनिवारी पुढच्या आठवड्यासाठी गाठ मारायची असते. मंगळवारी लेखकाच्या हातात काहीच नसतं. काही घडवायला परवानगी नाही आणि बावीस मिनिटं तर भरायची आहेत. कोण लिहिणारा आहे आणि कोण नुसतं पाणी घालणारा, ते तेव्हा कळतं.

पाणी घातलेला मंगळवार कसा असतो? एका मालिकेचा मी घड्याळ लावून बघितला होता. दिवाणखान्यात सासू म्हणते, "हे तू केलंस?" वाक्याला दोन सेकंद. मग कॅमेरा सुनेच्या चेहऱ्यावर. मग नवऱ्याच्या. दिराच्या. जावेच्या, ती गालात हसतेय. आत्याच्या. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या आजोबांच्या. पुन्हा सुनेच्या, या वेळी तीनदा, तीन बाजूंनी, ढोल वाजवत. एकंदर अडतीस सेकंद. सून म्हणते, "मी?" आणि जाहिरात.

आता चांगला मंगळवार. दुसरी मालिका, दोन जावा ओट्यापाशी मेथी निवडत बसलेल्या. विषय भलताच, कुणाच्या तरी साखरपुड्याला काय न्यायचं. धाकटी कोवळ्या काड्या पानांबरोबरच ठेवतेय. थोरली बोलता बोलता तिच्या ताटातल्या काड्या उचलून केराच्या कागदावर टाकते. धाकटी बघते, काही बोलत नाही. पुढच्या जुडीला ती स्वतःच काड्या टाकायला लागते. भांडण नाही, संगीत नाही. आई उशीला टेकली होती ती सरळ होऊन बसली आणि म्हणाली, "लिहिणारी बाई असणार. आणि सासरी राहिलेली." पाटीवर नाव बघायला आम्ही दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच टीव्ही लावला, तर नावं इतकी झर्रकन गेली की वाचता आली नाहीत. त्या मालिकेत पुढे दोन अपहरणं आणि एक स्मृतिभ्रंश झाला. तरी मेथीसाठी आम्ही ती आठ महिने बघितली.

म्हणून म्हणतो, लागोपाठ दोन मंगळवार. एक वाईट निघू शकतो. कुणी नट आजारी पडतो, पावसामुळे बाहेरचं चित्रीकरण रद्द होतं. दोन्ही मंगळवारी चेहरेच मोजावे लागले तर मालिका सोडा.

४. गुरुवारचं पाणी

पुण्यात नव्याने आलेल्यांना पहिल्या महिन्यात कळतं की दुरुस्तीसाठी नळाचं पाणी बंद व्हायचं ते बहुधा गुरुवारी. मालिकांत मात्र पाणी किती घालायचं ते गुरुवारीच ठरतं, कारण टीआरपीचे आकडे त्या दिवशी येतात.

हे आकडे बार्क नावाची संस्था काढते. देशभरात निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला आपापलं बटण असतं, आपण बसलो की ते दाबायचं. किती जणांनी बघितलं आणि किती वेळ बघितलं, दोन्हींवरून आकडा निघतो. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि आकडे त्यापुढच्या गुरुवारी मिळतात. म्हणजे आज आलेला आकडा आजचा नाही, गेल्या शुक्रवारी संपलेल्या आठवड्याचा.

याचा आपल्याशी संबंध काय? असा, की मालिका आधी पूर्ण लिहून मग दाखवत नाहीत. कथेचा मोठा आराखडा असतो, पण भाग लिहिणं आणि चित्रीकरण प्रक्षेपणाच्या थोडंसंच पुढे चालू असतं. तयार भागांच्या साठ्याला 'बँक' म्हणतात, आणि ती बँक फार श्रीमंत नसते. १९ मार्च २०२०पासून करोनामुळे चित्रीकरणं थांबली, तेव्हा थोड्याच दिवसांत सगळीकडे जुने भाग सुरू झाले होते. २०२१च्या निर्बंधांत तर कितीतरी मालिकांनी आपलं बिऱ्हाड गोव्याला, दमण-सिल्वासाला हलवलं आणि पडद्यावरची कुटुंबं अचानक कुणाच्या तरी रिसॉर्टवर राहायला गेली. तेव्हा एखादा ट्रॅक, म्हणजे उपकथानक, आकड्यात चढला की तो लांबतो, पडला की गुंडाळला जातो. नायिकेच्या आवडत्या मैत्रिणीचं पुढे काय झालं हे कुणीच विचारत नाही, कारण ती मैत्रीण एका गुरुवारी गेलेली असते.

इथे एक कबुली. सोनी मराठीवर २०२०मध्ये 'सावित्रीजोती' ही फुले दांपत्यावरची मालिका लागायची. फुल्यांच्या शाळेचा भिडेवाडा ज्या शहरात होता आणि त्यांची गंजपेठ जिथे आहे तिथे ती घरोघरी लागायला हवी होती. ओळखीतला प्रत्येक जण म्हणायचा, अशा मालिका व्हायला हव्यात. पुरेसा प्रेक्षक मिळाला नाही म्हणून ती वर्षाच्या आत बंद झाली. तेव्हा हळहळणाऱ्यांत मी पुढे होतो, आणि मी तिचे सहा भाग बघितले होते, तेही उभ्याने.

५. दोष कुणाच्या खात्यावर टाकायचा

"मालिका बकवास आहे" हे मत नाही, ते तोंड धुणं झालं. नवख्याने निदान चार खाती वेगळी ठेवावीत: कथा, पटकथा, संवाद, वाहिनी. ही कामं बहुतेक वेळा निरनिराळी माणसं करतात.

कथा पुष्कळदा मुळात इथली नसतेच. 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोयी'वरून आली. हिंदीतली 'अनुपमा' त्याच खोडाची फांदी, आणि मराठी ती हिंदीच्या सहा-सात महिने आधी, डिसेंबर २०१९मध्ये सुरू झाली होती. 'ठरलं तर मग'चं मूळ तमिळ 'रोजा'. तेव्हा "हे हिंदीची नक्कल करतात" असं सोफ्यावर बोलण्याआधी थांबा. मूळ कुठलं हा मुद्दा मला तर बिनमहत्त्वाचा वाटतो. महत्त्वाचं हे, की उसनं घर मराठी वाटतं का? घरातली आजी कुणाला काय नावाने हाक मारते, चतुर्थीला मोदक कोण वळतं, भांडणात बाई माहेरी निघते तेव्हा पिशवीत काय भरते. 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती बंगालीतून आली होती हे आमच्या इमारतीत कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तशी बाई प्रत्येक मजल्यावर होती.

पटकथेची तपासणी सोपी. प्रसंग काढून टाकला तर काही अडतं का? संवादांची त्याहून सोपी. डोळे मिटा आणि ऐका. कोण बोलतंय ते आवाज न ओळखता नुसत्या वाक्यावरून कळलं तर लेखक कामाचा.

वाहिनीच्या खात्यात जातात ते महासंगम, म्हणजे एका मालिकेची माणसं दुसऱ्या मालिकेच्या हळदीला येऊन नाचतात तो प्रकार. आणि सणावारांची सक्ती. वटपौर्णिमा आली की प्रत्येक घरात फांदी न तोडता खरा वड सापडतो, मंगळागौरीला सगळ्या झिम्मा खेळतात, संक्रांतीला हलव्याचे दागिने. कालपर्यंत जिच्यावर विषप्रयोगाचा संशय होता तीच आज पहिली फुगडी घालते. यासाठी लेखकाला शिव्या देऊ नका. त्या बिचाऱ्याला फोन आलेला असतो.

६. भाषेची परीक्षा मावशींकडून करून घ्या

आपण पुण्यात बसून गावाकडच्या मालिकेची भाषा जोखायला जाऊ नये. आपल्याला ती छानच वाटते. एखादी कोल्हापूर-साताऱ्याकडची मालिका लागली की मी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना पाच मिनिटं बसवतो. त्या कागलच्या बाजूच्या आहेत. एकदा नायिका म्हणाली, "म्या येते बरं का धनी." मावशींनी पदर तोंडाला लावला. "असं कोण बोलत न्हाई वो आमच्याकडं." मग कसं बोलतात? "मी येतो म्हणायचं. बाईमाणूस झालं तरी येतोच."

आणि खरंच, पोळ्यांचा डबा झाकून दाराशी जाऊन त्या रोज म्हणतात, "येतो मी दादा." चार वर्षं ऐकत होतो, कधी कानात शिरलं नव्हतं. कोल्हापूरकडच्या बायका 'येतो-जातो' म्हणतात हे टीव्हीवर क्वचितच ऐकू येतं. तिथे 'न'चा 'ण' आणि 'ण'चा 'न' केला, वाक्याच्या शेवटी 'रं' चिकटवलं की गाव झालं. विदर्भाचं 'बे', मालवणीचं 'गो', तसंच. तुमच्या खोलीवर लातूरचा, अकोल्याचा, सावंतवाडीचा कुणी असेल तर त्याला विचारा; एका मिनिटात मालिकेची मेहनत कळेल.

पुणेरी भाषेची परीक्षा मात्र आपली आपण घ्यावी. पडद्यावरचा पुणेकर बहुधा खडूस, अनुनासिक आणि शुद्ध असतो. आमच्या सोसायटीत अनुनासिक कुणी नाही. खडूस आहेत, पण तेही हल्ली हिंदीत खडूस असतात, कारण पार्किंगचा वाद हिंदीतच होतो.

७. नट आणि पात्र

मालिकेतलं कुणी अचानक काशीला गेलं, कंपनीच्या कामासाठी दिल्लीला गेलं किंवा माहेरी आजारी आईकडे गेलं तर घाबरू नका. नटाच्या तारखा जुळत नाहीत एवढाच बहुधा त्याचा अर्थ. बहुतेक मालिकांचं चित्रीकरण मुंबई-ठाण्याकडे, आणि यातली पुष्कळ मंडळी नाटकांतही कामं करतात. शनिवार-रविवारी बालगंधर्वला किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात ती तुमच्यापासून वीस फुटांवर असतात. ज्या नटाला तुम्ही मालिकेत लाकडी म्हणता त्याला एकदा तिथे बघा. पुरुषोत्तम करंडकासाठी, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेसाठी, रात्ररात्र तालमी करून वर आलेली कितीतरी मुलं आज आठ वाजता तुमच्यासमोर नुसते डोळे मोठे करत असतात. कुवत नाही म्हणून नव्हे, त्या दृश्यात त्यांना तेवढंच काम आहे म्हणून.

आईला काठी घेऊन चालता यायला लागल्यावर मी तिला बालगंधर्वला नाटकाला नेलं. त्यात एका मालिकेतली खलनायिका होती. प्रयोगानंतर आई हट्टाने आत गेली. ती बाई मेकअप पुसत होती, खुर्ची सोडून उठली, आईला बसवलं. आई बसली आणि म्हणाली, "काम छान केलंत. पण त्या पोरीचं पत्र जाळलंत ते काही बरं नाही केलंत."

"मलाही नाही आवडलं, आजी. पण लेखकाने सांगितलं ना."

आईने जरा विचार केला. "मग लेखकाला सांगा, हल्ली पत्रं लिहितं कोण?"

ती बाई जे हसली ते आरशापाशी उभी असलेली मुलगी वळून बघायला लागली. मालिकेबद्दल याहून नेमकं बोलणं मी ऐकलेलं नाही. अभिनय वेगळा काढला, पात्राची करणी वेगळी काढली आणि चूक नेमकी जिथली तिथे पोचवली.

नट बदलला तर मात्र लगेच मत देऊ नका. 'ठरलं तर मग'मध्ये पूर्णा आजीचं काम ज्योती चांदेकर करायच्या. ऑगस्ट २०२५मध्ये त्या गेल्या, इथे पुण्यातच. पुढे ती भूमिका रोहिणी हट्टंगडींकडे आली. नवीन चेहऱ्याला आई पहिले काही दिवस "त्या बाई" म्हणायची. पूर्णा आजी कधीपासून म्हणायला लागली ते माझ्या लक्षात आलं नाही, तिच्याही नसेल.

८. बोलायचं कधी

जाहिरातीत. नियमाप्रमाणे तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं जाहिराती, म्हणजे अर्ध्या तासाला सहा. तेवढा वेळ पुरतो. दृश्य चालू असताना फक्त "अगं बाई" आणि "मेला" या दोन उद्गारांना परवानगी आहे, तीही साठीपुढच्यांना.

'अवास्तव' हा शब्द वापरू नका. झोपताना दागिने, घरात चपला, मोलकरीण दिसत नाही तरी लखलखीत फरशी: हे सोफ्यावरच्या सगळ्यांना तुमच्या आधीपासून दिसतंय. नायिका रात्री नऊवारीत झोपते, त्यावर तुम्ही नवं काय सांगणार? त्यापेक्षा आपल्या माहितीतलं काहीतरी घाला. मधुभाऊंचा खटला लांबतोय म्हणून मी एकदा कुरकुर केली, तर खालच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून काका म्हणाले, "अहो, मी शिवाजीनगर कोर्टात काढली नोकरी. खुनाचा खटला अडीच वर्षांत निकाली? सत्कार करा त्या न्यायाधीशांचा." 'होणार सून मी ह्या घरची'मधलं जान्हवीचं बाळंतपण लांबलं होतं तेव्हा महाराष्ट्रभर विनोदांचा पूर आला होता. त्यातले मला फक्त आमच्या आत्याचे आठवतात, कारण ती सुईण होती आणि तारीख मोजून बोलायची.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही हे कसं काय बघू शकता?" असं कधीही विचारू नये. त्यांना सगळं दिसत असतं. आईला मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "दिवसभर घरात कुणी भांडतसुद्धा नाही माझ्याशी."

९. सोडायची कधी

चिन्हं ठरलेली आहेत. सात वर्षांचा लीप, त्यात मुलं मोठी होतात आणि आईवडील तसेच राहतात. हुबेहूब दिसणारी दुसरी. डोक्याला मार लागून विसरणं. यांतलं एक चालवून घ्या, दोन लागोपाठ आली तर निघा. वेळ बदलणं ही सगळ्यांत स्पष्ट खूण: 'आई कुठे काय करते' संध्याकाळी साडेसातची होती, मार्च २०२४मध्ये ती दुपारी अडीचला गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात संपली. आपल्या मालिकेच्या वेळेवर एखाद्या नवीन मालिकेचा प्रोमो दिसला, की दोन-तीन आठवड्यांत आवराआवर होणार असं समजा. शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम सुधारतात, तुरुंगात जातात किंवा पाया पडतात. तो आठवडा मात्र चुकवू नका, घाईत लेखक कधी कधी फार मोकळं लिहून जातो.

आमची सव्वाआठची गेल्या शनिवारी संपली. सोमवारी तिथे नवी लागली, मला ऑफिसातून यायला उशीर झाला. मंगळवारी जेवायला बसलो तर आई कोशिंबिरीला काकडी चोचवत होती. मी विचारलं, "काय झालं काल?" तिने विळी बाजूला सरकवली.

"दोघी बहिणी. एक शिकलेली, दुसरीने तिला शिकवलेलं. वाड्याचे कागद हरवलेत. कागद कुठे आहेत ते आपल्याला माहितीय."